साडेसहा फुटांची टिटवी

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकेत मेन राज्यातल्या रॉकलंडच्या बोटयार्डात टिटवी दोन रुंद पट्ट्यांवर हवेत लटकत होती आणि मी तिच्या कीलपाशी उभी होते. बोट पाण्यात असली की आपल्याला दिसतो तो वरचा पांढरा देह, डोलकाठी आणि शिडं. ती पाण्याबाहेर काढली की कळतं, तिचा भार सांभाळणारा भाग आपण वर्षातून एकदाच बघतो. टिटवीची कील म्हणजे शिशाचा एक उभा पंख, माझ्या छातीएवढा उंच, वजनाला तीन टन. तिच्या पुढच्या कडेला बोटभर लांबीची एक खोक आहे. बारा वर्षांपूर्वी धुक्यात एका खडकाला घासलो, त्याची खूण. दरवर्षी ती भरून, घासून, रंगवून घेतो, पण हात फिरवला की अजून लागते.

यार्डातल्या कारागिराने टेप लावली आणि खडूने एक आडवी रेघ मारली. "इथून कापायची," तो म्हणाला. "खाली शिशाचा लांबट गोळा बोल्टांनी बसवतो. वजन तेवढंच राहील, दीड-दोन फूट वाचतील."

ती रेघ बघून माझ्या पोटात खड्डा पडला.

प्रश्न साधा होता. लेक बाळंतपणानंतर मेरीलँडमध्ये एकटी पडली होती, माझ्या नवऱ्याला बाल्टिमोरला काम मिळालं होतं, आणि एकोणीस वर्षं मेन राज्याच्या किनाऱ्यावर राहिलेलं आमचं घर दक्षिणेला हलणार होतं. घराबरोबर अडतीस फुटी, आठ टनांची टिटवीही हलणार होती. अडचण तिच्या ड्राफ्टची. ड्राफ्ट म्हणजे पाण्याच्या पातळीपासून कीलच्या तळापर्यंतचं अंतर. टिटवीचा ड्राफ्ट साडेसहा फूट. मेनमध्ये हे मोजायचीही वेळ येत नाही. तिथला किनारा ग्रॅनाइटचा आणि पाणी एकदम खोल. खडकापासून बोटीच्या एका लांबीवर वीस-तीस फूट पाणी मिळतं. आम्ही जिथे निघालो होतो ती चेसापीकची खाडी जवळजवळ दोनशे मैल लांब, पण तिची सरासरी खोली अवघी २१ फूट. तिथे एक हिशेब नेहमी सांगतात: सहा फूट उंचीचा माणूस या खाडीच्या सात लाख एकरांहून जास्त भागात डोकं पाण्याबाहेर ठेवून चालू शकतो. ते सात लाख एकर टिटवीला बंद.

ओळखीच्या सगळ्यांनी सांगितलं, विका आणि तिकडे जाऊन उथळ बुडाची घ्या. सल्ला चुकीचा नव्हता. कील कापण्याचा मार्गही वाईट नाही. पुष्कळ बोटींवर ते काम नीट होतं. पण खोल कील दोन कामं करते. तिचं वजन जितकं खाली, तितकी वाऱ्याने कललेली बोट जोराने सरळ होते. आणि तिचा लांब, अरुंद पंख पाण्यात उभा राहतो, म्हणून बोट वाऱ्यापुढे आडवी सरकत नाही, वाऱ्याच्या तोंडाकडे चढत जाते. गोळ्याने पहिलं काम भागतं, दुसरं अर्धंच. टिटवी वाऱ्यावर चढते तेव्हा सुकाणूच्या दांड्यात एक बारीक थरथर येते, सतारीची तार छेडल्यावर दांडीत येते तशी. ती मला गमवायची नव्हती. मी ओल्या फडक्याने खडूची रेघ पुसली.

ट्रकवरून नेण्याचाही विचार केला. पण खोल कीलची बोट ट्रकवर ठेवली की तिची उंचीही तेवढीच वाढते, रस्त्यावरचे पूल आडवे येतात, परवाने वाढतात. तेव्हा समुद्रावरूनच जायचं ठरलं, साडेपाचशे सागरी मैलांहून थोडं जास्त.

नावाबद्दल सांगते. माझं आजोळ हर्णैचं. समुद्राने अंडी नेली म्हणून टिटवी तो आटवायला निघाली, ही गोष्ट आजी सुवर्णदुर्गाकडे तोंड करून सांगायची, आणि शेवटी 'टिटवी देखील समुद्र आटविते' ही म्हण. बोट घेतली तेव्हा दुसरं नाव सुचलंच नाही.

१२ सप्टेंबरला पहाटे रॉकलंडचा धक्का सोडला. मेनपासून केप कॉडपर्यंतचा भाग आमच्या पायाखालचा, त्यावर जास्त लिहीत नाही. लॉबस्टरच्या पिंजऱ्यांचे रंगीत तरंगे चुकवत चार दिवस गेले. केप कॉडचा कालवा १९१४ साली खुला झाला. जमीन कापून काढलेला त्याचा भाग सात मैलांचा, आणि त्यातून भरती-ओहोटीचा प्रवाह चार-पाच नॉट वेगाने धावतो. शिडांवर जायला तिथे मनाई आहे, इंजिन लागतंच. आमचं इंजिन जोर लावून सहा नॉट देतं. म्हणजे उलट्या प्रवाहात शिरलं तर माणूस चालतो त्याहून हळू जाणार. आम्ही दीड तास बाहेर थांबलो, प्रवाह फिरल्यावर शिरलो आणि तासाभरात पलीकडच्या बझर्ड्‌स बेमध्ये पोचलो.

न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये हेल गेट नावाची अरुंद वळणाची जागा आहे. नाव डच लोकांनी दिलेलं. पूर्वी इथे बुडालेल्या जहाजांची मोजदाद नव्हती. १० ऑक्टोबर १८८५ रोजी लष्कराच्या अभियंत्यांनी इथला फ्लड रॉक नावाचा खडक सुमारे तीन लाख पौंड स्फोटकं लावून उडवला, कारण जहाजं दिवसेंदिवस खोल बुडाची होत होती. म्हणजे तेव्हा पाणी जहाजाच्या मापाचं करून घेतलं. ते बंदर तेवढं मोलाचं होतं. आमच्यासारख्या माणसांना तो मार्ग नाही.

न्यूयॉर्कला माझा भाचा चढला. न्यू जर्सीचा किनारा वाळूचा, सरळ, आणि आत शिरायच्या वाटा थोड्या. त्या वाटांच्या तोंडाशी वाळूचे दांडे सरकत राहतात, म्हणून पूर्वेचा वारा असला तर खोल बोटीने तिथे शिरण्याचा प्रयत्नही करू नये. लाटेच्या खळग्यात बोट उतरते तेव्हा पाण्याची खोली नकाशावरच्या आकड्यातून लाटेच्या अर्ध्या उंचीने कमी धरायची, हा हिशेब भाच्याला वहीत मांडून दाखवला. वारा वायव्येचा होता, किनाऱ्याकडून येणारा, समुद्र सपाट. एका दिवसात आणि एका रात्रीत केप मे गाठलं.

केप मेला एक छोटा कालवा आहे, थेट डेलावेअरच्या खाडीत नेणारा. पण त्यावरचे पूल ५५ फूट उंचीचे आणि टिटवीची डोलकाठी अँटेनासकट ५८ फूट. खाली साडेसहा, वर अठ्ठावन्न. दोन्हीकडून आमची वाट अरुंद. त्यामुळे भूशिराला बाहेरून वळसा घातला. तिथल्या वाळूच्या पट्ट्यांवर पाणी एका रेषेत फुटत होतं, आकाश स्वच्छ असूनही.

डेलावेअरची खाडी कोणालाच आवडत नाही, आणि मला ते पटतं. मधोमध मोठ्या जहाजांची वाट, दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल उथळ पाणी, आणि वारा प्रवाहाविरुद्ध असला की आखूड, उभ्या, चिखलाच्या रंगाच्या लाटा. इथे वेळ हेच सगळं. भरती खाडीच्या तोंडाशी आधी सुरू होते आणि आत सरकत जाते. तिच्या सुरुवातीला निघालं तर बोट भरतीच्या बरोबरीने वर जात राहते आणि सहा-सात तास पाणी पाठीशी मिळतं. आम्ही पहाटे साडेचारला नांगर उचलला. सकाळभर अणुवीज केंद्राचा शीतक मनोरा क्षितिजावर दिसत होता. तीन तास तो मोठाच होईना, आणि मग एकदम शेजारी आला. तिथून डावीकडे चेसापीक आणि डेलावेअर यांना जोडणारा कालवा. १८२९ साली तो खुला झाला तेव्हा त्यात जलपाश होते, म्हणजे दारं लावून पाणी चढवायचं-उतरवायचं. १९२७ मध्ये तो समुद्रसपाटीला आणला. आज तो १४ मैल लांब, ४५० फूट रुंद, ३५ फूट खोल. त्यातून जाताना कीलखाली अठ्ठावीस फूट पाणी होतं. तो आकडा मी डोळे भरून बघितला, कारण पुढे तो दिसणार नव्हता.

कालवा संपला आणि रंग बदलला. मेनचं पाणी हिरवट काळं, काचेसारखं. इथलं चहाच्या रंगाचं. ही खाडी म्हणजे सस्क्वेहाना नदीचं बुडालेलं खोरं. हिमयुगाचं बर्फ वितळून समुद्र वर आला, तो सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी या खोऱ्यात शिरू लागला. जुन्या नदीचं पात्र अजून तळाशी खोल चर होऊन राहिलंय. केंट बेटाच्या ब्लडी पॉइंटजवळ तर १७४ फूट पाणी आहे. पण त्या चराच्या दोन्ही काठांना नदीने आणलेला गाळ. टिटवीसाठी ही खाडी म्हणजे एक लांब गल्ली आणि तिला फुटलेल्या काही बोळकांड्या.

आणखी एक गोष्ट हाताला वळण पडलेल्या माणसाला फसवते. भारतात बंदरात शिरताना हिरव्या खुणा उजव्या हाताला ठेवायच्या. अमेरिकेत लाल उजवीकडे. हर्णैला मामांच्या मचव्यावर जे शिकले त्याच्या बरोबर उलटं. एकोणीस वर्षांनंतरही दमलेली असले की मी एक क्षण थांबते आणि मनात मोठ्याने म्हणते, लाल उजवीकडे.

दुसऱ्याच संध्याकाळी सॅसाफ्रस नदीच्या एका फाट्याच्या तोंडाशी आम्ही रुतलो. नकाशावर नऊ फूट होते. नवरा खोली सांगत होता, "नऊ… साडेआठ… साडेआठ… सात," आणि मग टिटवीने कोणी गादीवर हळूच बसावं तसा वेग सोडला. आवाज नाही, धक्का नाही. मेनमध्ये तळ लागला तर दात हलतात. इथे टेबलावरचा कपसुद्धा हलला नाही, फक्त किनाऱ्यावरचं झाड जागचं हलायचं थांबलं.

भाच्याने इंजिनाला जोर द्यायला हात पुढे केला, तो मी धरला. पुढे रेटलं की कील आणखी खोल जाते. ज्या दिशेने आलो तिकडेच पाणी असतं, हे नक्की. शिडं उतरवली. नवऱ्याने डिंगी सोडली, तिच्यात दुसरा नांगर आणि दीडशे फूट दोर घेऊन तो आलो त्या वाटेने वल्हवत गेला, नांगर टाकला. दोराचं टोक मी विंचवर घेतलं. पण दोर ताणला तरी टिटवी हलेना. मग शिडाचा आडवा वासा बाजूला बाहेर काढला.

"मावशी, मी टोकाला लटकू का?"

"लटक, पण दोन्ही हातांनी धर."

ऐंशी किलोचा भाचा वाशाच्या टोकाला पाण्यावर लोंबकळला, बोट कलली. पंखासारखी कील असली की बोट वीस अंश कलल्यावर साडेसहा फुटांतले चार-पाच इंच कमी होतात. आमची बोट तेवढी कलली नाही, पण जेवढी कलली तेवढं पुरलं. (कीलच्या तळाला आडवे पंख असतील तर हा उपाय करू नये, कलल्यावर एक पंख आणखी खाली जातो आणि चिखलात रुततो.) दोर एकेक हात येऊ लागला. अंधार पडता पडता टिटवी मागे सरकली आणि तरंगली. नांगर वर आला तो काळ्या, मऊ, शिंपल्यांच्या वासाच्या चिखलाने माखून. कीलवर एक ओरखडाही नव्हता, हे पुढच्या वर्षी बोट बाहेर काढली तेव्हा बघितलं.

त्या रात्री बसून हिशेब केला. नकाशावरची खोली धरलेली असते ती दिवसातल्या दोन ओहोट्यांपैकी जी जास्त खाली जाते तिच्या सरासरीवर. आम्ही वेळापत्रक बघून भरतीला शिरलो होतो, म्हणजे पाणी जास्तच हवं होतं. मग कमी कसं? रॉकलंडला भरती-ओहोटीत साधारण दहा फुटांचा फरक. तिथे चंद्र सांगेल ते पाणी करतं. हर्णैलाही तसंच, अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, लहान मूलसुद्धा तिथीवरून पाणी सांगतं. अ‍ॅनापोलिसला हा फरक फुटाच्या आसपास. तिथे चंद्राचा आवाज इतका बारीक की वारा त्याला सहज दाबतो. दोन-तीन दिवस उत्तरेचा किंवा वायव्येचा वारा वाहिला की तो खाडीतलं पाणी तोंडाकडे ढकलून समुद्रात काढतो आणि नकाशातला आकडा खोटा पडतो. दक्षिणेचा वारा तेच पाणी परत आणतो. केप मेला ज्या वायव्येच्या वाऱ्याचे आम्ही आभार मानत होतो, त्यानेच सॅसाफ्रसमध्ये आमच्या खालचं पाणी काढून घेतलं होतं.

या खाडीत रुतणारे आम्ही पहिले नव्हतो. १६०८ साली कॅप्टन जॉन स्मिथ या खाडीचा शोध घेत असताना रॅपाहॅनॉक नदीच्या तोंडाशी ओहोटीत त्याची होडी टेकली. उथळ पाण्यात तो तलवारीने मासे भोसकू लागला आणि एका पाकटाने त्याला नांगी मारली. हात इतका सुजला की सोबत्यांनी त्याची कबर खणायला घेतली. संध्याकाळपर्यंत तो सावरला आणि त्याने तोच मासा खाल्ला. त्या जागेला आजही स्टिंगरे पॉइंट म्हणतात.

इथल्या पाण्याने इथली बोट घडवली. कालवं खरवडून काढणारी स्किपजॅक ही शिडाची बोट उथळ बुडाची, मधोमध वर ओढून घेता येणारी फळी. फळी उचलली की कमरेएवढ्या पाण्यातून जाते. १९८५ मध्ये ती मेरीलँडची राज्य-बोट ठरली. बंदरात तिच्याशेजारी टिटवी बांधली तेव्हा मला कोकणची आठवण झाली. कान्होजी आंग्र्यांची गलबतं याच हिशेबावर लढली. इंग्रजांची जड जहाजं खोल पाण्यात थांबून राहायची आणि गलबतं खाड्यांत शिरून दिसेनाशी व्हायची. इथेही १८१४ मध्ये अमेरिकेच्या जोशुआ बार्नीने वल्ह्यांच्या उथळ तोफनौका घेऊन सेंट लेनर्ड क्रीकमध्ये आसरा घेतला. ब्रिटिशांच्या फ्रिगेटी तोंडाशी अडकल्या, आत येऊ शकेनात. शेवटी २२ ऑगस्टला शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून बार्नीच्या तोफनौका पटक्सेंट नदीत त्याच्याच हुकमाने उडवून द्याव्या लागल्या. दोन्ही गोष्टींत मी नेहमी गलबतांच्या बाजूने. आणि माझी बोट फ्रिगेटीच्या जातीची.

अ‍ॅनापोलिसच्या दक्षिणेला आम्ही जागा घेतली. मरीनाच्या माणसाने फोनवर आठ फूट पाणी सांगितलं होतं. नवऱ्याने पहिल्याच दिवशी एक बांबू आणला, आठ फुटांवर पिवळी आणि साडेसहावर लाल चिकटपट्टी गुंडाळली, आणि धक्क्यावरून खाली सोडला. लाल पट्टीच्या वर अर्धी वीत पाणी होतं. भांडण करून जागा बदलून घेतली. तिथे साडेसात मिळाले.

ते साडेसात नोव्हेंबरात गेले. थंड हवेची लाट आली, वायव्येचा वारा तीन दिवस घोंघावत राहिला, आणि चौथ्या सकाळी मी धक्क्यावर पोचले तेव्हा टिटवी चिखलात बसलेली होती, तीन-चार अंश एका बाजूला कलून. दोर सैल करून ठेवलेले होते म्हणून काही तुटलं नाही. इंजिन सुरू करायचं नाही एवढंच लक्षात ठेवावं लागतं, नाहीतर ते थंड करणाऱ्या पाण्याबरोबर चिखल आत ओढतं. तिच्या शेजारी बसून दुपारपर्यंत वाट बघितली. खाडीचा तळ उघडा पडला होता, त्यावर बगळे चालत होते. मेनच्या एकोणीस वर्षांत टिटवी कशावर उभी आहे ते मला एकदाही दिसलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात तो बांबू आमचा सोबती झाला. शनिवारी डिंगी घेऊन निघायचं, एखाद्या फाट्याच्या तोंडाशी तिरक्या रेषा मारत जायचं, दर दहा वल्ह्यांना बांबू टोचायचा आणि आकडा वहीत. वाळू असली की बांबू टक्क वाजतो, चिखलात गिळला जातो, कालवांच्या थरावर करकरतो. यंत्र खोली सांगतं, तळाची जात बांबूच सांगतो. आणि इंचांचाही हिशेब शिकलो: पाच-सहाशे किलो सामान चढलं की टिटवी एक इंच खाली बसते, नदीच्या गोड्या पाण्यात शिरलं की आणखी सेंटिमीटरभर. अरुंद वाटेने जायचं असेल त्या दिवशी आम्ही पाण्याच्या टाक्या अर्ध्याच भरतो.

नकाशाही जिवंत असतात हे इथे कळलं. चॉपटँक नदीच्या तोंडाशी शार्प्स बेटाचा दीपस्तंभ आहे, १८८२ सालचा. १९७० च्या दशकातल्या एका हिवाळ्यात बर्फाने ढकलला आणि तेव्हापासून तो कललेलाच उभा आहे. ज्या बेटाचं नाव त्याला आहे ते गेल्या शतकात लाटांनी खाऊन संपवलं, उरला तो उथळ पाण्याचा पट्टा. या खाडीत गेल्या शंभर वर्षांत समुद्र सुमारे फूटभर चढलाय आणि जमीनही खचतेय, पण बोटीला त्याने फायदा नाही. खचलेला काठ गाळ होऊन वाटेतच बसतो. थोडं वर पॉप्लर बेट असंच झिजून काही एकरांवर आलं होतं. आता बाल्टिमोर बंदराच्या वाटा खोल ठेवण्यासाठी जो गाळ उपसतात, तो तिथे टाकून ते बेट पुन्हा उभं करतायत. त्याच्या बाजूने जाताना मी नेहमी वेग कमी करते. काढलेल्या चिखलावर गवत उगवलंय आणि त्यात पाणपक्षी अंडी घालतायत.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या वाटेच्या लाल खुणेवर ऑस्प्रे, ती मासेमार घार, परत आली आणि काड्या रचू लागली. दोन दिवस दक्षिणेचा वारा होता. धक्क्याच्या खांबावर नवऱ्याने मारलेल्या खुणेच्या वर सव्वा फूट पाणी चढलं होतं. लेक बाळाला घेऊन आली होती. तिने दोर सोडले. नवरा पुढे नाळेवर बांबू घेऊन उभा राहिला, यंत्र चालू असतानाही. लाल खूण आता बाहेर जाताना डावीकडे ठेवली, घरट्यापासून जरा दूर.

"साडेनऊ," तो म्हणाला. "चिखल."